हेपॅटायटिस ‘सी’ विषाणूची प्रथिने आणि जैवमाहितीशास्त्र

कावीळ हे रोगाचे नाव नसून यकृत बिघडल्याचे लक्षण होय. यकृतदाह घडवून आणणाऱ्या विषाणूंना शास्त्रज्ञांनी ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत अक्षरे दिली आहेत. त्यांपैकी ‘ए’ आणि ‘ई’ हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. नळयोजनेत सांडपाणी मिसळले की त्यांची साथ येते आणि ग्रामपंचायतीला तातडीने हालचाल करावी लागते. ‘सी’ विषाणूचा मार्ग निराळा आहे. तो रक्तावाटे जातो आणि बहुधा कोणतीही चाहूल न देता शरीरात शिरतो. संसर्ग झालेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे तीस व्यक्ती उपचारांवाचूनच सहा महिन्यांच्या आत त्यातून मुक्त होतात. उरलेल्या सत्तर जणांच्या यकृतात तो ठाण मांडतो. अशा रुग्णांपैकी शेकडा १५ ते ३० जणांना पुढील वीस वर्षांत यकृत कठीण होऊन निकामी होण्याचा, म्हणजेच सिऱ्होसिसचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता आणि त्या एका वर्षात सुमारे २ लाख ४२ हजार लोक त्यामुळे दगावले. भारतातील रुग्णांची संख्या त्या अहवालात सुमारे ५५ लाख इतकी देण्यात आली आहे.

आज हा रोग बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो. या गोळ्या ज्या प्रथिनांवर घाव घालतात, त्या प्रथिनांची ओळख मात्र बऱ्याच अंशी परीक्षानळीत नव्हे, तर अक्षरांच्या तुलनेतून झाली. त्या तुलनेचे शास्त्र म्हणजे जैवमाहितीशास्त्र. सजीवांच्या जनुकांची व प्रथिनांची माहिती संगणकात साठवून, तिची परस्परांशी ताडणी करून तीतून अर्थ काढणे, असे या शास्त्राचे थोडक्यात वर्णन करता येईल.

पत्ता लागला, पण विषाणू हाती लागेना

१९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळून आले की, रक्त दिल्यानंतर यकृतदाह झालेल्या अनेक रुग्णांत ‘ए’ विषाणूही नाही आणि ‘बी’ विषाणूही नाही. कारण सापडेना, म्हणून रोगाला ‘ए-नव्हे-बी-नव्हे’ असे विचित्र नाव पडले व ते चौदा वर्षे टिकले. १९८९ साली कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत मायकेल हौटन, क्वी-लिम चू व जॉर्ज कुओ यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्या सहकार्याने या रोगाचे कारण शोधून काढले. संसर्ग झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातील न्यूक्लिइक अम्लांचे लहान लहान तुकडे त्यांनी जीवाणूंत बसविले. प्रत्येक तुकड्यापासून जीवाणूंनी प्रथिनाचा एक अंश तयार केला. हे अंश मग रुग्णाच्या रक्तरसाशी भिडविण्यात आले, कारण त्या रक्तरसात अज्ञात विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड असणार असा तर्क होता. लाखो तुकडे तपासल्यानंतर एक तुकडा जुळला, आणि त्याच्या दोन्ही टोकांना पुढचे-मागचे तुकडे जोडीत सबंध विषाणूची संहिता हाती आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संहिता मिळाली तरी विषाणू प्रयोगशाळेतील पेशींत वाढत नव्हता. पोलिओचा विषाणू पेशींत वाढविता आला म्हणून त्याची लस झाली. ‘सी’ विषाणूच्या बाबतीत ती सोय २००५ साली, म्हणजे शोधानंतर तब्बल सोळा वर्षांनी, एका जपानी रुग्णापासून मिळालेल्या वाणामुळे उपलब्ध झाली. मधल्या काळात शास्त्रज्ञांजवळ होती ती मुख्यतः अक्षरे.

नऊ हजार सहाशे अक्षरे, दहा प्रथिने

या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनए या न्यूक्लिइक अम्लाचे असून त्यात सुमारे ९,६०० अक्षरे आहेत. अक्षरे चारच प्रकारची. तीन अक्षरांचा एक गट एका ॲमिनो अम्लाचा निर्देश करतो. विषाणूच्या प्रथिनसाखळीत सुमारे ३,०१० ॲमिनो अम्ले असतात. म्हणजे ९,०३० अक्षरे प्रथिनासाठी खर्ची पडतात आणि उरलेली दोन्ही टोकांना राहतात. (हा हिशेब माध्यमिक शाळेच्या वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल.) आरंभीच्या टोकाची ३४१ अक्षरे प्रथिन बनवीत नाहीत, पेशीतील प्रथिननिर्मितीची यंत्रणा विषाणूच्या कामाला जुंपणे हे त्यांचे काम.

प्रथिनसाखळी एकसंध तयार होते आणि मग तिचे दहा तुकडे पडतात. पहिली तीन, म्हणजे गाभ्याचे प्रथिन आणि ई-१ व ई-२ ही आवरणाची प्रथिने, विषाणूचे शरीर घडवितात. त्यांच्यामागे पी-७ हे लहानसे प्रथिन येते. पुढची सहा, एनएस-२, एनएस-३, एनएस-४ए, एनएस-४बी, एनएस-५ए आणि एनएस-५बी, विषाणूच्या शरीरात नसतात. ती पेशीत राहून त्याच्या प्रती काढण्याचा कारखाना चालवितात. पण १९८९ साली हे काहीच ठाऊक नव्हते. समोर होती ती तीन हजार दाण्यांची एक माळ, आणि कोणता दाणा कोणत्या कामाचा हे सांगणारे कोणी नव्हते.

पोथ्यांची ताडणी

ज्यांनी जुन्या पोथ्यांचे संपादन पाहिले आहे त्यांना पुढची रीत चटकन समजेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम केले. देशभरातील हस्तलिखिते समोर ठेवून, श्लोकागणिक ओळीखाली ओळ लावून, कोणता शब्द सर्वत्र आहे आणि कोणता एखाद्याच शाखेत शिरला आहे हे पंडितांनी ठरविले. प्रथिनांची ताडणीही अशीच होते. एका विषाणूची ॲमिनो अम्ले एका ओळीत, दुसऱ्याची त्याखाली, तिसऱ्याची त्याखाली. कुठे एखादे अक्षर गळलेले असते, तेथे रिकामी जागा सोडावी लागते. ही जागा कोठे सोडावी म्हणजे जास्तीत जास्त अक्षरे जुळतील, याचे पहिले पद्धतशीर गणित नीडलमन व वुन्श यांनी १९७० साली मांडले. त्याआधी १९६५ मध्ये मार्गारेट डेहॉफ यांनी तोवर ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांचे अनुक्रम एका ग्रंथात एकत्र केले होते. १९८२ मध्ये जेनबँक हे सार्वजनिक भांडार सुरू झाले आणि १९९० मध्ये ब्लास्ट ही आज्ञावली आली. तिच्यामुळे नव्या अनुक्रमाची साऱ्या भांडाराशी तुलना जलद होऊ लागली.

पोथी आणि प्रथिन यांत एक भेद मात्र आहे. पोथीतील सर्वत्र आढळणारा पाठ बहुधा जुना असतो. प्रथिनात सर्वत्र आढळणारे अक्षर नुसते जुने नसते, तर ते बदलले की जीव चालत नाही असे असते. लेखनिकाची चूक पोथीत राहून जाते. प्रथिनातील घातक चूक ज्या विषाणूत होते तो विषाणूच उरत नाही. म्हणून न बदलणारे अक्षर शोधणे म्हणजे शत्रूचे मर्मस्थान शोधणे होय.

तुलनेने काय सांगितले

१९९० साली मिलर व पर्सेल यांनी ‘सी’ विषाणूची संहिता इतर विषाणूंशी ताडून पाहिली. तिचे साम्य दोन गटांशी निघाले. एका गटात डेंग्यू व जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू आहेत. दुसऱ्यात गुरांचा विषाणुजन्य अतिसार व डुकरांचा ज्वर यांचे. कावीळ करणाऱ्या विषाणूचे भाऊबंद मेंदूज्वरात आणि गोठ्यात सापडावेत, हे अनपेक्षित होते. पण एकदा कूळ कळले की स्वभावाचा अंदाज बांधता येतो.

त्याच्या आदल्या वर्षी अलेक्झांडर गोर्बालेन्या, यूजीन कूनिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गटांतील एका प्रथिनाच्या पुढील भागाविषयी केवळ अक्षरांवरून एक भाकीत केले होते: हा भाग प्रथिने तोडणारे एंझाइम असावा. आधार असा की हिस्टिडीन, ॲस्पार्टिक अम्ल व सेरीन ही तीन ॲमिनो अम्ले तेथे विशिष्ट अंतराने व विशिष्ट क्रमाने येतात. आपल्या स्वादुपिंडातून पाझरणाऱ्या कायमोट्रिप्सिन या पाचक एंझाइमात हेच त्रिकूट अन्न-प्रथिनांची तोडणी करते. ‘सी’ विषाणूच्या एनएस-३ प्रथिनात ५७, ८१ आणि १३९ या स्थानांवर हे त्रिकूट आढळले. १९९३ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी त्यांतील सेरीन काढून त्याजागी दुसरे ॲमिनो अम्ल बसविले, तेव्हा प्रथिनसाखळीच्या पुढच्या भागाची तोडणी थांबली. अक्षरांनी सांगितलेली गोष्ट प्रयोगाने खरी ठरली.

साखळीच्या अखेरच्या प्रथिनाचे, एनएस-५बीचे, काम याहून सुलभपणे उमगले. त्यात ग्लायसीन, ॲस्पार्टिक अम्ल, ॲस्पार्टिक अम्ल अशी तीन अक्षरे लागोपाठ येतात. पोलिओ, डेंग्यू व जपानी मेंदूज्वर या विषाणूंतही आरएनएच्या प्रती काढणाऱ्या एंझाइमात ही तीन अक्षरे असतात. तेव्हा ‘सी’ विषाणूचा नकलनवीस हाच, हे उघड झाले.

अक्षरांच्या ताडणीचा सर्वांत मोठा कस १९९७ साली लागला. विषाणूची संहिता हाती असूनही तिच्यापासून बनविलेला आरएनए चिंपांझीत संसर्ग करीत नव्हता. चार्ल्स राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी ताडल्या. एक, संहितेच्या शेवटचा ९८ अक्षरांचा तुकडा पूर्वीच्या संपादनात गळालाच होता. दुसरी, एकाच रुग्णाच्या रक्तातील विषाणूंच्या प्रती एकमेकींहून थोड्या थोड्या भिन्न असतात आणि हाताला लागलेली कोणतीही एक प्रत सदोष असू शकते. म्हणून त्यांनी अनेक प्रती ओळीखाली ओळ लावून प्रत्येक स्थानी बहुमताचे अक्षर निवडले, गळालेले शेपूट जोडले आणि ही ‘संपादित’ संहिता आरएनएच्या रूपाने चिंपांझीच्या यकृतात टोचली. संसर्ग झाला. कोणत्याही एका प्रतीवरून न घेतलेली, ताडणीतून सिद्ध केलेली संहिता जिवंत ठरली. आल्टर, हौटन व राइस या तिघांना २०२० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आकारावरून औषध

प्रथिनाचे काम कळणे वेगळे आणि त्याला अडविणारे औषध शोधणे वेगळे. त्यासाठी प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा त्रिमितीय आकार, माहीत असावा लागतो. एनएस-३ च्या तोडणाऱ्या भागाचे स्फटिक बनवून १९९६ साली दोन गटांनी त्याचा आकार निश्चित केला. तो पाहून औषध शोधणाऱ्यांची काहीशी निराशाच झाली. ज्या खाचेत औषधाचा रेणू बसवायचा ती खाच अगदी उथळ आणि सपाट होती. कुलपाला किल्लीचे भोकच नसावे तशी. संगणकावर रेणूंची मांडणी बदलून बदलून, आणि प्रत्येक वेळी प्रयोगाने पडताळून, त्या खाचेला चिकटणारे रेणू घडवावे लागले. कॅनडातील एका प्रयोगशाळेचा असा रेणू प्रथमच रुग्णांना देण्यात आला आणि दोन दिवसांत रक्तातील विषाणू झपाट्याने घटला. पण पुढे प्राण्यांच्या हृदयावर त्याचा अनिष्ट परिणाम आढळल्याने तो सोडून द्यावा लागला. खाचेत नीट बसणारा रेणू हृदयाला काय करील, हे खाचेचा आकार सांगत नाही. या वर्गातील पहिली दोन औषधे, टेलाप्रेव्हिर व बोसेप्रेव्हिर, २०११ मध्ये मान्य झाली.

२०१३ मध्ये सोफोस्बुव्हिर मान्य झाले. ते नकलनवीस एनएस-५बीला फसविते. आरएनएच्या चार अक्षरांपैकी एकासारखा दिसणारा हा रेणू नकलेत शिरला की पुढची अक्षरे जोडली जात नाहीत. ज्या स्थानी तो शिरतो ते स्थान विषाणूच्या सर्व प्रकारांत जवळजवळ सारखे आहे. तेथे बदल करणारा विषाणू स्वतःच दुबळा होतो. न बदलणारे अक्षर हेच मर्मस्थान, या तत्त्वाचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

एनएस-५ए या प्रथिनाची हकीकत मात्र जैवमाहितीशास्त्राला नम्र करणारी आहे. हे प्रथिन एंझाइम नाही. ओळखीचे कोणतेही त्रिकूट त्यात नाही. त्यामुळे नुसत्या तुलनेवरून औषधासाठी त्याची निवड कोणी केली नसती. १९९९ साली जर्मनीत फोल्कर लोमान व राल्फ बार्टेनश्लागर यांनी विषाणूचा काही भाग पेशींत स्वतःच्या प्रती काढीत राहील अशी व्यवस्था केली. अशा पेशींवर हजारो रसायने टाकून पाहताना एका कुळातील रसायने अत्यल्प मात्रेतही प्रभावी ठरली, आणि ती एनएस-५एवर काम करतात हे मागाहून कळले. डॅक्लाटास्व्हिर हे औषध त्या शोधातून निघाले. आज सोफोस्बुव्हिर आणि या वर्गातील एखादे औषध यांची जोडी देण्यात येते व शंभरातील ९५ च्या आसपास रुग्ण बरे होतात. या जोडीतील एक औषध अक्षरांनी दाखविलेल्या वाटेने आले, तर दुसरे प्रयोगाच्या आडवाटेने, हे विसरता कामा नये.

बदलणारी अक्षरे

‘सी’ विषाणूचा नकलनवीस वेगवान आहे, पण निष्काळजी आहे. लिहिलेले तो पुन्हा तपासीत नाही. एका रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात असा अंदाज आहे. एवढ्या प्रती आणि तपासणी नाही, म्हणून विषाणूचे आठ जनुकप्रकार व अनेक उपप्रकार झाले आहेत. दोन जनुकप्रकारांत शंभरातील तीस अक्षरे भिन्न असू शकतात. भारतात तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल पहिला.

या फरकांचे व्यवहारी परिणाम गंभीर आहेत. पहिल्या ‘ए’ उपप्रकाराच्या काही विषाणूंत एनएस-३ च्या ८० व्या स्थानी ग्लूटामीनऐवजी लायसीन असते. एवढ्या एका बदलाने सिमेप्रेव्हिर या औषधाचा गुण बराच कमी होई, म्हणून अमेरिकेत ते देण्यापूर्वी त्या अक्षराची तपासणी करण्याची शिफारस होती. तिसऱ्या प्रकारात एनएस-५एच्या ९३ व्या स्थानी टायरोसीन जाऊन हिस्टिडीन आले तर डॅक्लाटास्व्हिरचा प्रभाव घटतो. आरंभीची औषधे मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी घडविली गेली, कारण अमेरिकेत व युरोपात तोच अधिक होता. भांडारात ज्या देशांच्या प्रती अधिक, त्या देशांचे विषाणू संगणकाला अधिक चांगले कळतात. आठव्या प्रकाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याची नोंद २०१८ साली झाली. रुग्ण मूळचे पंजाबचे होते. परंतु तपासणी व अनुक्रमनिश्चिती झाली ती कॅनडात.

आवरणातील ई-२ प्रथिनात बदलांची कमाल होते. त्याच्या आरंभीचा २७ ॲमिनो अम्लांचा पट्टा इतक्या वेगाने बदलतो की शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंड बनवावेत तोवर विषाणूने दुसरे रूप घेतलेले असते. या रोगावर अद्याप लस नाही, त्याचे हे एक मोठे कारण. प्रतिपिंड ज्यावर घट्ट बसतील आणि जे सहसा बदलणार नाहीत असे भाग ई-१ व ई-२ मध्ये शोधणे, हे आज लससंशोधनातील मुख्य काम आहे. या दोन्ही प्रथिनांच्या जोडीचा आकार २०२२ साली प्रसिद्ध झाल्यापासून त्या कामाला पक्का आधार मिळाला.

अशा प्रकारच्या शोधात पुण्याचा वाटा उल्लेखनीय आहे. पुणे विद्यापीठात केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले. तेथील कोळसकर व प्रसाद टोंगावकर यांनी १९९० साली प्रथिनाच्या कोणत्या भागावर प्रतिपिंड बसण्याचा संभव आहे हे अनुक्रमावरून वर्तविण्याची रीत प्रसिद्ध केली; तिची अचूकता सुमारे ७५ टक्के होती आणि जगभरचे संशोधक ती आजही वापरतात. पुढे कोळसकर व ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या, म्हणजे ‘सी’ विषाणूच्याच कुळातील एका विषाणूच्या, आवरण-प्रथिनाचा आकार संगणकावर वर्तविला.

तपासणीच्या दोन पायऱ्या

न बदलणाऱ्या अक्षरांचा उपयोग साध्या रक्ततपासणीतही होतो. पहिली चाचणी प्रतिपिंडांची. ती केवळ विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढेच सांगते. बरा झालेला मनुष्यही तीत सकारात्मक ठरतो. म्हणून दुसरी चाचणी विषाणूच्या आरएनएची करावी लागते. ती संहितेच्या आरंभीची, सर्व प्रकारांत जवळजवळ एकसारखी असलेली अक्षरे शोधते. तीत विषाणू आढळला तरच उपचार. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्याखाली तपासणी व औषधे विनामूल्य दिली जातात. सर्व प्रकारांवर चालणारी औषधे आल्याने बहुतेक रुग्णांच्या बाबतीत जनुकप्रकार ठरविण्याची गरज आता उरलेली नाही.

हा विषाणू एकत्र जेवल्याने, भांडी वापरल्याने किंवा शिवल्याने पसरत नाही. एकदा वापरलेली सुई, न उकळलेली उपकरणे, गोंदण्याची व कान टोचण्याची अस्वच्छ साधने आणि सामाईक वस्तरा यांतून पसरू शकतो. औषधांनी बरा झालेला रुग्ण पुन्हा संसर्गापासून सुरक्षित राहत नाही, कारण ई-२ च्या बदलत्या अक्षरांपुढे शरीराची जुनी ओळख पुरी पडत नाही. त्याच सुईने त्याला हा रोग दुसऱ्यांदा होऊ शकतो.